मेयरसाहेबांचं वरचं खाणं

मित्रांनो, आधी क्लोव्हिसचा फायदा सांगतो, मग माझी ओळख करून देतो. कारण त्याला तो फायदा दिसला नसता, तर मी आजही सुखानं खेकडे उचलत असतो.

कासवाचा रस्सा एका जेवणात संपतो. पण जिवंत कासव दुकानात ठेवलं, तर पोरं त्याच्यापाशी थांबतात, पोरांमुळे आया थांबतात, आणि पाच मिनिटं थांबलेलं माणूस सहसा रिकाम्या हातानं परत जात नाही. शिवाय कासवाला पगार नको, रविवारची सुट्टी नको. एवढा हिशेब क्लोव्हिस गिड्रोनं दुकानाच्या दारात उभ्या उभ्या केला. कासव खाणार काय, हे त्यात कुठेच नव्हतं. त्याला भरवणार कोण, हेही नव्हतं.

भरवणारा मी. जुना पोलादी चिमटा आहे मी, हातभर लांब. हे दुकान काढण्याआधी क्लोव्हिसचे वडील बोटी बांधायच्या कारखान्यात कामाला होते. एका बोटीतून उरलेली पट्टी त्यांनी तापवली, ठोकली, मध्यावर वाकवली आणि दोन्ही टोकांना दाते काढले. त्यामुळे मला तोंड आहे खरं, पण ते धरायचं तोंड. बोलायचं नाही. हे पुढे फार नडलं.

सुरुवातीची वर्षं मानाची गेली. बायूच्या, म्हणजे दलदलीतून जाणाऱ्या संथ ओढ्याच्या काठी क्लोव्हिसचं दुकान. एका बाजूला गळाला लावायची गांडुळं आणि बारीक मासे, दुसऱ्या बाजूला उकडलेले खेकडे, तिखटात न्हालेले क्रॉफिश नावाचे नांगीवाले झिंगे आणि बुदँ, म्हणजे आतड्यात भरलेला भात आणि डुकराचा खिमा. उकळत्या पातेल्यांवर क्लोव्हिसची थोरली बहीण ऑलिंप. ती मला आकड्यावरून काढून त्या वाफेत घालायची आणि मी एकही नांगी न मोडता खेकडा वर आणायचो. "हा चिमटा मी सख्ख्या भावालाही देणार नाही," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. सख्खा भाऊ तिथेच उभा असायचा.

मग एके दिवशी एव्हरिस्त आला. दलदलीत कासवं धरायची आणि विकायची, हा त्याचा जन्माचा धंदा. त्यानं ऑलिंपला रश्श्यासाठी दोन मोठी चावरी कासवं दिली आणि पोत्यात हात घालून तिसरं काढलं, बशीएवढं. "हे वर," तो म्हणाला. "लान्याप."

लान्याप म्हणजे आमच्याकडे निम्मी इभ्रत. पिशवी भरून झाली, देणंघेणं मिटलं, की दुकानदार त्यावर आपणहून जे टाकतो ते लान्याप. डझनावर तेरावा खेकडा, चार बुदँवर पाचव्याचा तुकडा. ते मागायचं नसतं. मागितलं तर गिऱ्हाइकाची लाज जाते आणि दिलं नाही तर दुकानदाराची. या बाबतीत क्लोव्हिसचा हात सगळ्यांत सैल. बायूच्या दोन्ही काठांवर त्याचं नाव होतं, ते त्या तेराव्या खेकड्यामुळे.

तर हे वरचं कासव पत्र्याच्या छपराखाली, गुरांच्या पाण्याच्या जुन्या हौदात पडलं. ऑलिंपनं दोन दिवस त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जागचा हलत नाही, कामाचं काही करत नाही, खायच्या वेळी तेवढं तोंड उघडतो. हा तर आपल्या गावचा मेयर!" नाव चिकटलं.

पहिली चूक पोस्टमन थेओफिलची. वर मिळालेला बुदँचा तुकडा त्यानं हौदावर धरला. "फुकटाचाच आहे. खाऊ दे बिचाऱ्याला." मेयरनं तुकडा घेतला आणि थेओफिलच्या अंगठ्याचं नखही घेतलं. आरडाओरडा झाला. त्यावर क्लोव्हिसला काय सुचावं? त्यानं मला आकड्यावरून काढून हौदाशी लटकवलं. "आता यानं भरवा," म्हणाला.

नख गेलं थेओफिलचं, आणि शिक्षा मला!

तेव्हापासून रीतच पडली. ज्याला लान्याप मिळे, तो ते माझ्या तोंडात देऊन हौदात धरी. बुदँची टोकं, डुकराच्या कातडीचे तळलेले कुरकुरीत तुकडे, मक्याच्या पिठाचे तळलेले गोळे, सोललेल्या क्रॉफिशच्या तिखट शेपट्या. एकदा निळ्या साखरेचा वाढदिवसाचा केकही. ख्रिस्ती उपवासाच्या चाळीस दिवसांतल्या शुक्रवारी तर विचारू नका. "आज मांस खाल्लं तर मला पाप लागेल," मादाम सिडोनी सांगायच्या, "मेयरला कसलं पाप?" आणि अख्खं बुदँ माझ्या दात्यांत कोंबायच्या. तेलानं माझे दाते बुळबुळीत झाले. कोणी पुसलेसुद्धा नाहीत.

प्रत्येकाला वाटे, आपण वरचं देतोय, पोटभरीचं दुसरं कोणीतरी देत असेल. क्लोव्हिसला वाटे, एवढे लोक देतात, मी आणखी काय द्यायचं? मित्रांनो, सहा वर्षं त्या जिवाला सगळं वरचंच मिळालं. जेवण एकदाही नाही.

तो वाढला. कवचात मावेना. पायांच्या खोबणीतून चरबी फुगलेल्या कणकेसारखी बाहेर आली. लोक म्हणत, "काय तब्येत आहे!" मला इतका संताप यायचा की दाते आपोआप कटकटायचे. लोकांना वाटे, चिमट्याचा वाक सैल झालाय.

मग त्याचे डोळे सुजले. तो मान उचलेना. आणि एक दिवस माझं टोक चुकून त्याच्या पाठीला लागलं, तर कवच दबलं. कवच, मित्रांनो! ज्याच्या जोरावर कासवं एवढी वर्षं जगत आली, ते शिळ्या पावासारखं दबलं. हे पहिल्यांदा मला कळलं, आणि सांगायला तोंड नव्हतं.

त्याच वर्षी उपवासाच्या दिवसांत एव्हरिस्त पुन्हा आला. आमच्याकडे कासव मासळीत धरतात, उपवासाला चालतं, त्यामुळे त्याच्या धंद्याचा तो भर. तो हौदात वाकला तसा क्लोव्हिस आडवा आला.

"हे विकायचं नाही हं. हा आमचा मेयर आहे."

"घाबरू नकोस," एव्हरिस्त म्हणाला. "फुकट दिलास तरी मी याला पातेल्यात घालणार नाही."

क्लोव्हिसचा चेहरा पडला. कासवाचा रस्सा करू म्हटलेलं त्यानं सोसलं असतं. रश्श्याच्याही लायकीचं नाही म्हटलेलं त्याला सोसेना. "का? काय कमी आहे त्यात? गाव कौतुक करतं!"

"गावानं कधी कासवाचं पोट उघडलंय? मी पन्नास वर्षं उघडतोय. सांगू काय निघतं? अर्धाअधिक पाला. जलपर्णी, शेवाळ, पाण्यावरची ती हिरवी टिकली. मग काट्यांसकट मासा, कवचासकट क्रॉफिश, गोगलगाय, गांडूळ. बुदँ? आजवर एकाही पोटात बुदँ निघालेलं नाही."

"काट्यांसकट?" ऑलिंपनं विचारलं. "आम्ही तर बिचाऱ्याला सगळं सोलून देतो."

"तेच तर! सोललेलं खाऊन त्याला कवच कुठून यायचं, ऑलिंपताई? आणि हे छप्पर कशाला? ऊन नको त्याला?"

"पण तो मागतो रे," क्लोव्हिस म्हणाला.

"मागणारच. मेयर आहे ना?" एव्हरिस्त पोतं खांद्यावर टाकत म्हणाला. "त्याच्या डोक्याएवढा घास, आठवड्यातून दोन-तीनदा. मीठ नाही, तिखट नाही, तळलेलं नाही. आणि ऐक, महिनाभर तो पाल्याला तोंड लावणार नाही. तुला दया येईल. दया आली की तू बुदँ देशील. आणि बुदँ दिलंस की तो मरेल."

क्लोव्हिसनं हौद उन्हात ओढला, अर्ध्या भागावर फळी टाकून सावली केली. रोज सकाळी मला धुतलं! सहा वर्षांत पहिल्यांदा. माझ्या तोंडात जलपर्णीचं पान किंवा बारीक अख्खा मासा देऊन तो उभा राहायचा, हात भरून येईपर्यंत. मेयर तोंड फिरवायचा. पहिला आठवडा. दुसरा. तिसरा.

आणि गिऱ्हाइकं! "उपाशी मारताय की काय त्याला?" क्लोव्हिसनं पाटी लावली, "मेयरला काही देऊ नये." मादाम सिडोनींनी ती मोठ्यानं वाचली, "बरोबर आहे हो," म्हणाल्या आणि पाटीखालूनच बुदँचं टोक टाकलं. जाळी बसवली, तर लोक जाळीतून तुकडे ढकलू लागले. "एका तुकड्यानं काय होतंय, क्लोव्हिस?" थेओफिल म्हणायचा. एका तुकड्यानं! रोज साठ माणसं एकेकच तुकडा आणायची!

चौथ्या शनिवारी सकाळी क्लोव्हिस जाळीत अडकलेले बुदँचे तुकडे उपसत होता. उपसता उपसता थांबला. हातातल्या तुकड्याकडे बघत राहिला. तो त्यानंच कापला होता, त्यानंच कोणाच्या तरी पिशवीवर ठेवला होता.

त्या दिवशी मादाम सिडोनींनी खेकड्यांची पिशवी फळीवर ठेवून मोजली. पुन्हा मोजली.

"बाराच?"

"बाराच, मादाम."



"तुझे वडील असते तर, क्लोव्हिस—"

"असते तर त्यांनीही बाराच दिले असते."

ऑलिंपनं पातेल्यावर झाकण आदळलं. मला वाटलं, आता भावाला फैलावर घेणार. तिनं घेतलंही. "वेड लागलंय तुला. एका कासवापायी बापाचं नाव घालवशील." पण पुढचं गिऱ्हाईक आलं तेव्हा तिनंही बाराच मोजले.

पाचव्या आठवड्यात मेयरनं तोंड उघडलं. जलपर्णीच्या पानात गुंडाळलेला मासा होता, काट्यांसकट. तो असा झडपला की पान, मासा आणि माझा डावा जबडा, तिन्ही एकदम त्याच्या तोंडात. जबडा वाकला. क्लोव्हिस ओरडला, "खाल्लं! ऑलिंप, त्यानं पाला खाल्ला!" माझ्याकडे बघायला कोणाला सवड होती?

शरद ऋतूत एव्हरिस्त आला. हौदात हात घालून अंगठ्यानं कवच दाबलं, पाय चाचपले.

"आता रश्श्याला हरकत नाही," तो म्हणाला.

क्लोव्हिसनं मला उचलून त्याच्यावर रोखलं. दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. एव्हरिस्तकडून याहून मोठी शाबासकी आजवर कोणाला मिळालेली नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मुक्या जिवाच्या तोंडाशी काही नेण्याआधी विचारा, याचं जेवण काय, आणि ते झालंय का. तुम्हाला काय आवडतं, हे बघायचं नाही. तुमच्या हातात काय उरलंय, हे तर अजिबात नाही.

आता हे कोणाला केवढ्याला पडलं, ते सांगतो. मेयरच्या कवचाची मागची कड वाकडी राहिली, ती मरेपर्यंत तशीच राहणार. माझा जबडा सरळ होत नाही. ऑलिंपनं नवा चिमटा आणला, आता मी खेकडे उचलत नाही, फक्त पाला भरवतो. क्लोव्हिसला दोन्ही काठांवर चिक्कू म्हणतात, आणि त्याची निम्मी गिऱ्हाइकं पुलापलीकडच्या दुकानात जातात.

आणि सहा वर्षं ज्यांनी भरवलं, त्यांचं काहीच गेलं नाही. ते पलीकडे रांगेत उभे आहेत. तिथल्या दुकानदारानं म्हणे परवाच एक कासव आणलंय, बशीएवढं.