गाठ उघड!

मी एक जुना स्टेन्सिलचा डबा आहे. माझ्या पोटात पत्र्याच्या सव्वीस पट्ट्या आहेत आणि प्रत्येक पट्टीत एक इंग्रजी अक्षर कापलेलं आहे. खरं तर माझं अक्षर म्हणजे पत्र्यातलं भोक. शाई त्यातून पलीकडे गेली, तरच ते दिसतं. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळव्या आवाजात सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. पण मला ते जमणार नाही, कारण मी रागावलेलो आहे.

नारपोलीच्या एका पत्रेवाल्याने तेलाचे रिकामे डबे कापून मला घडवलं. वळणदार अक्षरांवर त्याची छिन्नी घसरायची आणि तो मलाच शिव्या द्यायचा. तिथून मी कापडाच्या गोदामात सावळारामच्या हाती आलो. गोणपाटात बांधलेल्या कापडाच्या गाठी तिथे छताला टेकायच्या. प्रत्येक व्यापाऱ्याची तीन अक्षरांची खूण असे. तिला मार्का म्हणत. सावळाराम माझ्या पट्ट्या गाठीवर धरून काळ्या शाईचा कुंचा फिरवायचा आणि मार्का उमटायचा.

पण नुसत्या मार्क्यावर कुणी माल घेत नसे. घेणाऱ्याला शंका आली की तो म्हणायचा, "गाठ उघड!" मग सुतळी कापून आतलं कापड दाखवावंच लागे. आत चिंध्या निघाल्या तर गाठ परत.

सावळारामची मुलगी तुळजा शाळा सुटली की गोदामात येऊन बसायची. तिनेच खेळ काढला. मार्क्यातली तिन्ही अक्षरं ज्यात येतात असा इंग्रजी शब्द शोधायचा. अक्षरं कोणत्याही क्रमाने आली तरी चालतील, मध्ये दुसरी असली तरी चालतील. तिने शब्द सांगितला की सावळाराम कुंचा न थांबवता म्हणायचा, "गाठ उघड!" मग तिला अर्थ सांगावा लागे. नाही आला तर शब्द परत.

पुढे छापील स्टिकर आले. सावळारामने मला दिघाशीला घरी नेलं आणि खाटेखाली सरकवलं. तिथे मी गंजत पडलो. तुळजा मोठी होऊन दापोड्याच्या वेअरहाऊसमध्ये कामाला लागली, तेव्हा तिला माझी आठवण झाली. तिने मला रॉकेलने घासलं आणि दर शनिवारी समाजमंदिरात गावातल्या मुलांपुढे ठेवलं. डोळे मिटून तीन पट्ट्या काढायच्या आणि शब्द शोधायचे. "गाठ उघड!" असं सगळी पोरं एकदम ओरडायची, तेव्हा माझा पत्रा थरथरायचा. ते माझे सुखाचे दिवस.

त्या पोरांत आठवीतली रूपा होती. तिची आई सीताबाई वेअरहाऊसमध्ये पॅकिंग करते. नववीसाठी भिवंडीला जावं लागतं. सीताबाईने सांगून टाकलं होतं, "विंग्रजी येत आसंल तरच पुढं. न्हायतर माझ्याबरोबर ड्युटीला चल."

यंदा गावातले जमीनदार आणि गोदाममालक चांगदेवशेठ यांनी या खेळाची जाहीर स्पर्धा भरवली. ज्याचे शब्द जास्त, त्याला बक्षिसाचा पेला. मला फुलांचा हार घातला. ओल्या फुलांनी पत्रा गंजतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पट्ट्या निघाल्या एल, टी आणि आर. रूपा पहिल्या रांगेत बसून लिहू लागली. शेठची मुलगी दिशाही लिहीत होती; पहिले चार शब्द तिने स्वतःच शोधले. तिच्या मागे तिचा काका कुमार फोन घेऊन बसला होता. तीन अक्षरं टाकली की त्या फोनवर शब्दांचा पाऊस पडतो.

"लिही, लिही! ट्रेफॉइल," कुमार कुजबुजला.

"म्हणजे काय, काका?"

"तुला काय करायचंय? लिही!"

मित्रांनो, मला त्या फोनचा राग नाही. त्याला विचारलं तेवढं तो सांगतो. मला राग आहे तो विचारणाऱ्याचा.

वाचनाची वेळ आली. दिशाने पानभर शब्द खाली मान घालून वाचले. तुळजा म्हणाली, "गाठ उघड."

"ते जुनं नाटक बंद कर, तुळजा," चांगदेवशेठ हसले. "आता आकडा बोलतो."

"शेठ, तुमच्या गोदामात माल न बघता घेता का?"

"तो धंदा हाय. ही पोरांची गंमत. रूपा, तू वाच गं."

रूपा उभी राहिली. तिचे शब्द थोडेच होते. कुणी विचारलं नव्हतं, तरी ती प्रत्येक गाठ उघडत गेली. "ट्रॉली. आई ढकलते ती. शेल्टर, म्हणजे आडोसा. टर्टल, कासव. फिल्टर, गाळणं. टेलर, शिंपी."

"अर्थ नको, नुसतं वाच!" कुमार ओरडला. रूपाने त्याच्याकडे बघितलंही नाही.

पेला दिशाला मिळाला. फोटो काढताना तिने तो पोटाशी धरला नाही, बाजूला लांब धरला. तिने स्वतःहून शोधलेले चार शब्द त्या पानावर कुठे होते, हे कुणी विचारलं नाही. त्या मुलीवर मी रागावू शकत नाही. सोहळा संपल्यावर कुमारने माझ्या एका पट्टीने थंड पेयाच्या बाटलीचं बूच काढलं. पट्टी वाकली. ती टीची पट्टी होती.

माणसं पांगली. रूपा माझ्या पट्ट्या गोळा करत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सीताबाई तिच्याजवळ येऊन उकिडवी बसली.

"रडतीस कशाला?"

"पहिला नंबर न्हाय आला, आई. आता ड्युटीला येते."

"त्या पोरीनं एवढं वाचलं, मला कायबी कळलं न्हाय. तुझं समदं कळलं." सीताबाईने वाकडी पट्टी गुडघ्यावर ठेवून सरळ करायचा प्रयत्न केला. "ट्रॉली, टेलर, फिल्टर. आगं, म्हंजे मी आजवर विंग्रजीच बोलत व्हते की काय?"

रूपा रडता रडता हसली.

"भिवंडीच्या शाळेत कधी जायाचं, ते तुळजाला इचार," सीताबाई म्हणाली आणि तिने पट्टी माझ्यात ठेवून झाकण लावलं.

माझी टी आता कायमची वाकडी आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही. मला तेलपाणी करा, असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, कुणी तुमच्यापुढे शब्दांचा ढीग ओतला, तर तो केवढा मोठा आहे ते मोजत बसू नका. समोर शेठ असो, काका असो, नाहीतर तुमच्याच हातातला फोन असो, मोठ्याने म्हणा, गाठ उघड!