मैनाचा ठेका

बडनेऱ्याच्या रुळांपलीकडे सूर्य वर आला की त्याचा उजेड आधी मालधक्क्याच्या पत्र्यांवर रेंगाळतो, मग बाभळींतून वाट काढत नत्थुजींच्या तबेल्याशी येऊन पोचतो. त्याला कसलीच घाई नसते. छपराला पडलेल्या खिळ्यांच्या भोकांतून तो आत उतरतो तेव्हा त्याच्या बारीक काठ्या होतात आणि त्या काठ्यांत कुटाराची धूळ वरखाली होत राहते. आधी गव्हाण उजळते, मग पाण्याची टाकी, मग मैना घोडीचे पांढरे पाय, पोट, मान. शेवटी कान. त्या कानांची कातडी इतकी पातळ, की उजेड तिच्यातून आरपार जातो आणि आतल्या शिरा लालसर दिसू लागतात. उजेड तिथवर चढेपर्यंत नत्थुजींचा मुलगा कुलदीप रोज दारात थांबून राही. मग जीभ टाळूला लावून टक्‌ टक्‌ असा आवाज करी.

आजही त्याने तो केला. मैना कुटार खात राहिली.

त्याने पुन्हा केला. घोडीने शेपटीने माशी हाकलली, एवढेच.

“कोनाशी बोलून राहिला, दादा?” हातात खरारा घेऊन त्याची धाकटी बहीण आचल आत आली.

“मैनाशी.”

“मंग? काय म्हन्ते ते?”

“रुसली.”

आचल वळसा घालून घोडीच्या समोर गेली, तिच्या डोळ्यांपुढे तळहात धरला आणि मगच तिच्या मानेला हात लावला. मैना फुरफुरली. आपल्याशी रुसलेली ही घोडी आचलशी एवढी गोड का वागते, हे कुलदीपला अलीकडे उमजेनासे झाले होते. हिवाळ्यात तो म्हणे, थंडीने अंग जड झाले असेल. उन्हाळ्यात म्हणे, माशांनी बेजार झाली आहे. आता तो म्हणत होता, रुसली. कारणे बदलत होती. मैना मात्र त्याच्या हाकेला वळत नव्हती.

मैना नवरदेवाची घोडी. अमरावती ते अकोला, दोन्हीकडच्या वरातींत तिचे नाव होते, कारण ती नाचत असे. मागचे पाय रोवून पुढचे उचलायची, घुंगरांनी ताल धरायची. नत्थुजींनी तिला ताशावर घडवले होते आणि त्यांचे हात कापू लागल्यापासून ताशाच्या काड्या कुलदीपकडे आल्या होत्या. चारचौघांत त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. पण ताशा गळ्यात पडला की त्याचे सगळे बोलणे काड्यांत उतरे आणि मैना त्याला पायांनी उत्तर देई. जगात आपले कुणीतरी ऐकते, याचा त्याच्यापाशी एवढा एकच पुरावा होता.

आचलने मैनावर उभे राहून नाचायला सुरुवात केली तेव्हा लोक हसले होते. “नवरदेवाच्या घोडीवर पोरगी? मंग नवरदेवानं काय गाढवावर बसाव?” असे एका वरबापाने भर मांडवात विचारले होते. आचल पडली, दात हलला, पुन्हा चढली. ती नाचते हे कुणीतरी मोबाइलवर टिपले, ते फिरत फिरत पुण्याला गेले आणि आज सिनेमावाले येणार होते.

तबेल्याजवळच्या पडीक मैदानात गाडी थांबली. रागिणी नावाची दिग्दर्शिका उतरली, सोबत कॅमेरेवाला. तिने खुर्चीवर बसलेल्या नत्थुजींना सिनेमाची गोष्ट सांगितली. एका मुलीला घोडी नाचवायची असते. घरचे, गावचे सगळे आडवे येतात. मुलगी हट्ट सोडत नाही.

“मंग शेवटी पोरगी जिंकते का?” नत्थुजींनी विचारले.

“हो, जिंकते ना.”

“तुमी आत्ताच सांगून देल्लं. मंग लोकायनं पाहाचं कायले?”

रागिणी हसली. मग जरा चाचरत आचलला म्हणाली, “जवळून चेहरा दिसेल तो आमच्या नायिकेचा. अवघड नाच तुझा. पण तुझं तोंड ओढणीने झाकलेलं असेल. चालेल?”

“पाय त दिसतीन ना?”

“पाय दिसतील.”

“मंग चालते.”

रागिणीला आधी मोकळी घोडी पाहायची होती, पाठीवर कुणी नसलेली, नुसत्या ताशावर नाचणारी. कुलदीपने ताशा गळ्यात अडकवला. हेच तर त्याचे काम होते. त्याने ठेका धरला.

मैना उभी राहिली. मग मान खाली घालून तिने गवताचा एक घास घेतला.

त्याने लय वाढवली. काड्या इतक्या जोरात पडू लागल्या की मनगटात कळ आली. मैनाने दुसरा घास घेतला.

“अबे, ताशा वाजोतं का पापड लाटतं?” नत्थुजी ओरडले. “चढव लय!”

“चढवूनच राहिलो, बाबा.”

“थांब, दादा. मले चढू दे,” असे म्हणत आचल चप्पल काढून मैनावर चढली आणि तिने भावाकडे पाहून मान हलवली. त्याने पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्याच आवर्तनाला मैनाचा पुढचा पाय उचलला गेला. घुंगरू वाजले. घोडी गोल फिरली, झुकली, मागच्या पायांवर उभी राहिली. नत्थुजींनी मांडीवर थाप मारली. कुलदीपच्या छातीतले ओझे उतरले. अनोळखी लोकांना बुजली होती बिचारी, त्याने स्वतःला सांगितले.

“छानच,” रागिणी म्हणाली. “आता एकदा ताशाशिवाय. गाणं आम्ही मागाहून भरणार आहोत.”

कुलदीप दोन पावले पुढे आला. अनोळखी बाईशी बोलताना त्याचे कान तापले. “मॅडम, ताशाबिगर ते नाचत नाही.”

“खरं हाये,” नत्थुजी म्हणाले. “घोडी ताशावर नाचते. पोरीच्या बुडावर नाही नाचत.”

“एकदा बघू या. नाहीच जमलं तर बघता येईल.”

आचल वरून भावाकडे पाहत राहिली. तिला काहीतरी बोलायचे होते. पण कॅमेरेवाल्याने हात वर केला.

मैदान शांत झाले. मैनाने पाय उचलला.

ती नाचू लागली. तोच ठेका, तीच गिरकी, तेच थबकणे. कुलदीप काड्या हातात धरून उभा राहिला. काय ऐकते आहे ही? इतक्या वर्षांचा ताशा तिच्या अंगात मुरला असेल का? पण मग मघाशी का मुरला नव्हता? त्याची नजर घुंगरांवरून वर सरकली आणि आचलच्या अनवाणी पायांवर थांबली. तिचे अंगठे मैनाच्या खांद्यामागे रुतत होते, सुटत होते, डावा, उजवा, पुन्हा डावा. ओठ हलत होते. ओठांवर त्याचाच ठेका होता.

रागिणीने तिथल्या तिथे आचल आणि मैना, दोघींना होकार दिला. नत्थुजींनी गाडीभोवती जमलेल्या सगळ्यांना चहा सांगितला. कुलदीप तिकडे गेला नाही. मैना बाभळीखाली चरत होती. तो तिच्या मागून, तिला दिसणार नाही असा गेला आणि तिच्या कानाजवळ ताशावर एकदम कडाडून काड्या मारल्या. बाभळीवरचे कावळे उडाले. दूरवर एक कुत्रा भुंकू लागला.

मैना चरत राहिली.

“दादा.” आचल मागे उभी होती.

“कवापासून?” त्याने विचारले.

“अकोल्याच्या त्या लग्नापासून. रातभर त्या डीजेच्या भिंतीले लागून उभी केली होती ना आपन तिले.”

“मले सांगतलं काहून नाही?”

“तू ताशा ठिवून देल्ला असता.” तिने मैनाच्या आयाळीत बोटे घातली. “मंग म्या काय केलं असतं? मले कुठं ठेका येते? तू वाजोतं ते माह्या पायाईत उतरते, अन् दर वरातीत मी तिले देतो.”

“आज त मी वाजोत नव्हतो.”

“मनात वाजोत होतं. मले दिसत होतं तुह्या बोटायवरून.”

त्याने हातांकडे पाहिले. हे कौतुक मानावे की सांत्वन, ते त्याला कळेना. इतक्या वराती त्याने कुणाशी बोलत काढल्या होत्या? घोडीशी की बहिणीशी? आणि बहिणीने सगळे ऐकले असेल, तर आपल्याला इतके एकटे का वाटावे? आचल चहाकडे निघून गेली.

मैदानाच्या टोकावरून नत्थुजींचा आवाज आला, “कुलदीप! अरे, आवाज दे तिले, पानी पाजाचं हाये!”

सवयीने त्याची जीभ टाळूला लागली. ती त्याने सोडवून घेतली. तो वळसा घालून मैनाच्या समोर आला, तिच्या डोळ्यांपुढे तळहात धरला आणि तिने मान वर करेपर्यंत थांबला. मग वडिलांकडे तोंड करून, चहा पिणाऱ्या त्या सगळ्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात, तो म्हणाला,

“बाबा, मैनाले आयकू येत नाही.”