गॅरेजवरची बँक

नियोजित अर्थव्यवस्थेत मध्यवर्ती बँकेचं काम काय, या विषयावर सौमित्र पीएचडी करत होता. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. अध्यक्ष विक्रमकाका म्हणाले, "मग दिवाळीच्या जेवणाची कुपनं तूच सांभाळ. बँकच आहे ती." नाही म्हणायची सोय नव्हती, कारण सौमित्र शेजारच्या कॅरी गावात त्यांच्याच घरी, गॅरेजवरच्या खोलीत, अगदी नाममात्र भाड्याने राहत होता.

कारभार सोपा होता. कोणत्या घराला किती पुरणपोळ्या हे कमिटीने आधीच ठरवलं होतं. सौमित्रने तेवढीच कुपनं द्यायची. त्याच्या अभ्यासातल्या बँकांचंही असंच असे. माल किती, कुणाला, हे वरचे ठरवत. बँकेने त्या बेताने नोटा सोडायच्या, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. अशा एका गव्हर्नरावर सौमित्रने प्रबंधात यथेच्छ तोंडसुख घेतलं होतं. माल नाही हे दिसत असताना या गृहस्थाने नोटा छापल्याच कशा?

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मंडळातल्या सुलभामावशींनी एकच कुपन घेतलं. "यांच्यासाठी रे," त्या म्हणाल्या. त्यांचे यजमान जगन्नाथकाका ऑपरेशननंतर घरीच होते, जेवणावरची वासनाच उडाली होती. काल मात्र त्यांनी आपणहून पुरणपोळी मागितली होती. मावशींचा चेहरा त्या एवढ्याशा गोष्टीने फुलला होता.

बेत फसला तो आपल्या मराठी आग्रहापायी. वाढायला पद्मिनीकाकू होत्या, आणि ताटात एकच पोळी घालून माणसाला पुढे जाऊ देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "कुपन राहू दे, अजून एक घे. लाजतोस काय?" असं करत करत दुपारी ट्रे तळाला गेले. रांग अजून हॉलच्या दारापर्यंत होती आणि प्रत्येकाच्या हातात खरंखुरं कुपन होतं. रांगेत मधेच मावशी उभ्या होत्या, डबा घेऊन.

तेवढ्यात विक्रमकाका आले. "स्पॉन्सर लोक पोचलेत. त्यांच्यासाठी वीसेक कुपनं प्रिंट कर, वर 'प्रायॉरिटी' टाक. त्यांना आधी सर्व्ह करू."

"काका, पोळ्या जेमतेम तेवढ्याच उरल्यात. रांगेतल्यांचं काय?"

"अरे, पुढच्या वर्षीचा हॉल त्यांच्या चेकवर बुक होतो. मॅनेज कर." जाता जाता ते सहज म्हणाले, "आणि तुझं खोलीचं लीज रिन्यू करायचंय ना? संध्याकाळी बसू."

त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, सौमित्रला ते माहीत होतं. तरी ते नाममात्र भाडं त्याला आठवलं. त्याने रांगेकडे एकदा पाहिलं, मग प्रिंटर चालू केला.

थोड्या वेळाने मावशी टेबलापाशी आल्या. डबा रिकामाच होता. "संपल्या म्हणतात," असं म्हणून त्यांनी कुपन त्याच्यापुढे ठेवलं. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनाच वाईट वाटलं. "तू कशाला तोंड पाडतोस, बाळा? तुझ्या हातात काय आहे? तू आपला नुसती कुपनं देणारा."

"हो ना, मावशी," सौमित्र म्हणाला, "सगळं वरूनच ठरतं." हे वाक्य आपल्या तोंडून किती सहज निघालं, याचीच त्याला लाज वाटली.