कोपऱ्यातलं धान आधी पिकतं

माझी पहिली पोट्टी अकरा दिवसांची होऊन गेली. आमच्याकडे दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरायला बाया जात नाहीत. माझ्या नवऱ्यानं, ईश्वरदासनं (नाव घेते, आता ऐकायला तो नाही), तिला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून नेलं. सोबत कुदळ घेऊन शेजारचा दुधराम. परत आल्यावर विचारलं, कुठं ठेवली? तो म्हणाला, बोडीच्या, आपल्या शेततळ्याच्या, पारीवर, मोहाच्या झाडाखाली.

त्याला बेचाळीस वर्षं झाली. दर वर्षी नवं धान आलं की पहिली मूठ मी त्या मोहाखाली ठेवायची. मूठ घ्यायची ती पूर्वेच्या बांधीतल्या, म्हणजे धानाच्या वावरातल्या, कोपऱ्याची, कारण तिथलं धान सगळ्यात आधी पिवळं व्हायचं. आणि त्याच कोपऱ्यात रोवणीला, रोपं लावायला, वाकले की माझी छाती भरून यायची, दूध उतरल्यासारखी. पुढं तीन लेकरं वाढवली, सासू झाले, केस पांढरे झाले, तरी. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बायांनी मांत्रिक आणला असता, आणि मांत्रिकाला मी दारातूनच हाकललं असतं.

यंदा माझ्या लेकानं, चंद्रकुमारनं, बोडी मोठी करायचं काढलं. केशोरीहून जेसीबी सांगितला. त्याच्या आखणीत मोह जात होता. मी म्हटलं, मोहाला हात लावायचा तर आधी मले उपट. तो बापावर गेला आहे, तोंडावर बोलत नाही. मग मीच तोड काढून दिली: बोडी मोहाकडं नको, पूर्वेच्या बांधीकडं वाढव. तशीही ती बांधी गोट्याची. कोपऱ्यात नांगर अडायचा. नवऱ्याला किती वेळा म्हटलं, तो गोटा काढून टाक. त्यानं काढला नाही, दुसऱ्याला काढू दिला नाही. मी त्याला चार लोकांत आळशी म्हणत राहिले.

चंद्रकुमारची मुलगी आचल बारावी करून घरी होती. मोबाईलवर फुकटात मिळणारा एक अभ्यास करत होती. त्यात मास्तर नाही, परीक्षा नाही. प्रश्न आपणच धरायचा आणि त्याच्या मागं आपणच जायचं. तिनं सारस पक्षी धरले होते. मी म्हटलं, पाखरांना आपली घरं ठाऊक असतात, त्यांना कायले शोधतेस? माझं शोध. मोहाखाली नेमकी कुठं ते काढ, म्हणजे जेसीबी आला की तेवढ्या जागेभोवती बांबू ठोकू.

तिनं वही उघडली. त्या अभ्यासाचा नियम असा, की डावीकडं आपल्याला काय ठाऊक आहे ते लिहायचं, आणि उजवीकडं ते पाहिलं की ऐकलं. मी दुसरी शिकलेली, तेवढं लिहिता येतं. ‘मोहाखाली पुरली’ यासमोर मी ‘पाहिलं’ लिहिलं.

“आजी, तू तर गेलीच नव्हती ना,” आचल म्हणाली.

मी तिच्याकडं पाहिलं. दुसरी कोणी असती तर उठून गेली असती. ही बसून राहिली, माझीच नात. मी शब्द खोडला आणि ‘ऐकलं’ लिहिलं.

आभाळातून काढलेले जुने फोटो तिच्या मोबाईलवर पाहता यायचे, एकेक वर्ष मागं सरकवत. मोह मुठीएवढा दिसला, त्याच्याखाली काही नाही. आचलचं बोट भलत्याच जागी थांबलं. सगळी बांधी हिरवी, आणि पूर्वेच्या कोपऱ्यात खाटेएवढा पिवळा डाग. आधीच्या वर्षीही तोच, त्याच्या आधीही. तिनं तिचा धडा शोधून वाचून दाखवला: खाली दगड असला की वरची माती पातळ राहते, पीक तिथं आधी वाळतं. जमिनीत पुरलेलं न खोदता ओळखायची ही खूण.

“तिथं दगड कोणं पुरला असंन, आजी?”

ओसरीत बसल्या बसल्या माझी छाती भरून आली.

दुधरामशी मी नऊ वर्षं बोलले नव्हते. त्यानं आमच्या शेताचा धुरा फोडून पाणी आपल्याकडं वळवलं म्हणून गावासमोर त्याला पाणीचोर म्हटलं होतं. तरी त्याच पावली त्याच्या आंगणात जाऊन उभी राहिले. तो दोरी वळत होता. विचारलं, दुधराम भाऊ, माझी पोट्टी कुठं आहे?

त्यानं दोरी खाली ठेवली. वैशाख होता, पूर्वेची बांधी कोरडी होती, असं सांगू लागला. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून मोठी फरशी बैलांच्या खाचरावर घालून दोघांनी आणली, वर टाकली.

“त्यानं मले शपथ घातली, वयनी. बांधीत आहे म्हटलं असतं, तर तू त्या बांधीत पाय टाकला असता का? अन् तिच्यावरच तर घर चालून राहिलं होतं.”

त्या बांधीचा भात मी बेचाळीस वर्षं खाल्ला, लेकरांना भरवला. तिच्या अंगावरचं धान उपटून रिकाम्या झाडाला दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला तेव्हा मी त्या कोपऱ्यात धसकटांवर बसले होते. पारीवर गाव जमलं. दुधरामही होता, लांब. चंद्रकुमार धावत आला, ऊन लागेल म्हणू लागला.

“माझं चुकलं,” मी म्हटलं. “मोह पाड. बोडी तिकडंच वाढव.”

माझ्या तोंडून हे त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. “आई, बरी आहेस ना तू?”

“इथं तुझी बहीण आहे.”

तो उभा राहिला. मग त्यानं पायातल्या चपला काढल्या, हातात घेतल्या आणि मशीन वळवायला सांगायला अनवाणीच गेला.

दुपारपर्यंत मोह पडला. संध्याकाळी आचल वही घेऊन आली. ‘पूर्वेच्या कोपऱ्यात’ यासमोर काय लिहू, विचारत होती. अभ्यासाप्रमाणं अजून ते ऐकलेलंच. फरशी उचलली तर पाहिलेलं होईल, पण तसं ती म्हणाली नाही. मी म्हटलं, ऐकलं लिही.

आषाढात तो कोपरा मी एकटीनं रोवला. वाकले की छाती भरून आली, तशीच. आता आश्विन लागला आहे. बाकी बांधी हिरवी आहे, तिथलं धान पिवळं झालं आहे. यंदा ते कोणी कापायचं नाही, असं मी घरात सांगून ठेवलं आहे.