चौदा एप्रिलचा आकडा

महिन्याच्या चौदा आणि अठ्ठावीस तारखेला पीट गुडघ्यांवर बसायचा. एकतीस वर्षं, ऊन असो की बर्फ. मास नदीच्या काठी त्याचं घर, मागे त्याच्या वडिलांनी लावलेली एकोणीस पेअरची झाडं आणि झाडांपलीकडे जमिनीत रोवलेली एक नळी. तिच्यात फीत सोडायची, टोकाचं पितळी वजन पाण्याला टेकलं की ‘डुब्’ असा आवाज येतो, तेवढी खोली वहीत लिहायची आणि आम्हाला कळवायची. या देशात भूजल असंच मोजत आलेत, याच दोन तारखांना, पीटसारख्या हौशी माणसांच्या जिवावर.

‘आम्हाला’ म्हणजे मला. मी मृणालिनी, भूजलवाली. ऑफिस आर्नहेमला, घर न्यूनेनला. पीटच्या कुंपणापलीकडे एका कंपनीची खडीची खाण आहे. खडी काढता काढता खड्डा भूजलाच्या खाली गेला आणि त्याचं तळं झालं. दिसायला झकास! लोक फोटो काढतात. पण तळं आभाळाखाली उघडं पडलेलं असतं, उन्हाळाभर त्याचं पाणी वाफ होऊन उडतं, आणि ती तूट आजूबाजूच्या जमिनीतून भरून निघते. आधी तिथे गवत होतं, तेही पाणी प्यायचं, पण तळ्याइतकं नाही. हा जो फरक, तेवढं पाणी कंपनीने मासमधून आणून पीटच्या कुंपणालगतच्या चरात सोडायचं, म्हणजे जमिनीचं जमिनीला मिळतं. किती सोडायचं ते दर मे महिन्यात मी ठरवते, मुख्यतः पीटच्या नळीवरून. माझ्या सहीशिवाय एक थेंब जास्त सुटत नाही.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार वीसला, कार्निव्हलची जत्रा झाली आणि आमच्या भागात करोना नुसता सुटला. मार्चच्या मध्यावर पीट इस्पितळात गेला. व्हेंटिलेटरवर, झोपेची औषधं देऊन. चौदा एप्रिलला माझ्या तक्त्यात त्याची जागा रिकामी राहिली.

नियम सोपा आहे. आकडा आला नाही तर आठवड्याच्या आत आमच्यापैकी कुणीतरी जाऊन मोजायचं. सगळे घरून काम करत होते, पण एवढ्यासाठी बाहेर पडायची परवानगी होती. म्हणजे मी जायचं होतं.

मी गेले नाही. मागच्या दहा वर्षांच्या चौदा एप्रिलची सरासरी काढली, एक मीटर बासष्ट, आणि दिली त्या जागेत ठोकून. अठ्ठावीसला तसंच केलं. चौदा मेलाही तसंच.

का? तेव्हा स्वतःला सांगितलं, माणसाची एकतीस वर्षांची साखळी आहे, तिच्यात खाडा कशाला पाडायचा? बरा होऊन येईल तेव्हा त्याला सलग आकडे दिसू देत. आमच्यात खाड्याचा केवढा बाऊ! आईच्या सोळा सोमवारांत एक चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. शाळेत शंभर टक्के हजेरीचं बक्षीस मिळावं म्हणून मी अंगावर गोवर घेऊन वर्गात बसले होते आणि अर्ध्या वर्गाला तो वाटला होता. बक्षीस मात्र मिळालं.

हे झालं सांगायचं कारण. खरं सांगू? मी घाबरले होते. ज्या घरातून माणूस ॲम्ब्युलन्समधून गेला, त्या अंगणात मला पाय ठेवायचा नव्हता. त्याच्या बायकोला, ट्रूसला, साधा फोनसुद्धा केला नाही, काय बोलणार म्हणून. पोस्टाने एक कार्ड पाठवलं, सूर्यफुलांचं.

आणि खिडकीबाहेर आठवडेच्या आठवडे पावसाचा टिपूस नव्हता! समोरच्या घराचं गवत वाळून कोळ झालेलं. मी, भूजलावर पीएचडी केलेली बाई, त्याच खिडकीत बसून ‘सरासरी’ लिहीत होते. मग मे महिन्यात ‘यंदा नेहमीइतकं पाणी पुरे’ म्हणून सही ठोकली.

सहीनंतर मी तो तक्ता उघडलाच नाही, आणि जूनपासून मला घरात एका जागी बसवेना. स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर. भाजी चिरताना फोन, फोनवर पावसाचं ॲप.

“अगं, दिवसातून किती वेळा बघशील? ढगांना लाज वाटायला लागेल,” प्रसन्न म्हणाला. माझा नवरा. तो जिन्याखाली लॅपटॉप मांडून चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या मीटिंगा करायचा. त्याला मी सगळं सांगितलं होतं.

“गप रे.”

“मग जा ना एकदा आणि मोजून ये. पाऊण तासाचा तर रस्ता आहे.”

“तुला काय कळतंय त्यातलं?” मी खेकसले. त्याला बरोबर कळत होतं. मोजलं असतं तर माझे तिन्ही आकडे उघडे पडले असते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पीटचाच मेसेज आला. तो दुखण्यातून वाचला होता, घरी आला होता. खाली झाडांचा फोटो, भर जुलैत पिवळी पडलेली पानं, खाली गळून पडलेली कच्ची फळं. ‘चौदा एप्रिलला नळी काय म्हणाली? मी झोपलो होतो.’

एवढंच. त्याच दुपारी मी प्रांताच्या कार्यालयाला लिहिलं, की एप्रिल-मेचे तीन आकडे मोजलेले नाहीत, माझ्या मनचे आहेत, माझा अहवाल मागे घेते, त्या चरात ताबडतोब पाणी वाढवा. साहेबांनाही प्रत पाठवली. नोकरीचं व्हायचं ते होवो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली.

पीट अंगणात खुर्चीत बसला होता. निम्मा राहिला होता. ट्रूस दारात उभी. आधी मी नळीशी जाऊन मोजलं, पाणी दोन मीटर सत्तेचाळीस खाली. मग उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बसायची हिंमत नव्हती.

“एक बासष्ट,” पीट म्हणाला. त्याचा आवाज अजून घोगरा होता. “आणि झाडांना काय सांगितलंस, सरासरी प्या म्हणून?”

“तुमच्या आकड्यांत खाडा पडू नये म्हणून...”

“माझ्या वहीत खाडे नाहीत असं कुणी सांगितलं तुला? आई गेली तेव्हाचा आहे. हर्नियाच्या ऑपरेशनचे दोन आहेत. रिकामी जागा दिसली की तुमच्या ऑफिसातलं कुणीतरी येऊन मोजायचं, कॉफी प्यायचं, जायचं. तू जागा भरून टाकलीस, मग कोण येणार?”

मला रडू फुटलं. मी माफी मागितली. दहा दिवसांत पाणी वाढेल, हेही सांगितलं.

“सात झाडं गेली,” तो म्हणाला. “बाकीची बघू.” आणि काठी टेकत बागेकडे निघाला.

मी ट्रूसकडे वळले. तिची तरी माफी मागावी, म्हणून. तिनेच आधी बोलायला सुरुवात केली, अगदी शांतपणे.

“पीट नसला की तुमच्याकडून कुणीतरी येतं, हे मला माहीत होतं. चौदा एप्रिलला मी अंगणात खुर्ची मांडली. घरापासून दीड मीटर मोजून, म्हणजे येणाऱ्याला भीती वाटायला नको. चार आठवडे मी माणसाचा चेहरा पाहिला नव्हता. इस्पितळातून रोज एकच फोन, अजून झोपलेत. संध्याकाळी खुर्ची आत घेतली. मग आठवडाभर रोज मांडली. अठ्ठावीसलाही मांडली.”

मी पीटच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

“मेमध्ये नाही मांडली,” ट्रूस म्हणाली.