छोटी फाइल

गणपती उठले आणि त्याच आठवड्यात नीलाच्या कॉम्प्युटरमधून आवाज यायला लागला. आधी तिला वाटलं, पंखा. पंखा बंद करून पाहिला. मग खिडकी लावली. तरी कोणीतरी नखाने पत्रा ठोकत असल्यासारखं टक्, टक् चालूच. मधेच कॉम्प्युटरचा पडदा गोठायचा, माउसचा बाण जागचा हलायचा नाही, आणि ती कीबोर्डवरची बोटं वर धरून बसायची.

डोंबिवलीला टिळकनगरमधल्या ब्लॉकच्या बाहेरच्या खोलीत तिचं डीटीपीचं काम चाले. लग्नपत्रिका, क्लासच्या नोट्स, दिवाळीच्या तोंडावर स्मरणिका. नवरा आनंद ठाण्याला नोकरीला. सासरे, ज्यांना सगळी बिल्डिंग भाऊ म्हणे, रिटायर होऊन घरी. भाऊंचा उजवा हात थरथरायचा, पेन धरता येत नसे. म्हणून सकाळी नीलाचा स्वयंपाक होईपर्यंत मशीन त्यांचं. डाव्या हाताच्या एका बोटाने अक्षरं शोधत ते काहीतरी लिहीत. काय लिहितात, हे तिने कधी विचारलं नव्हतं. त्यांनीही सांगितलं नव्हतं.

मशीन बघायला येणाऱ्या महिपतने डबा उघडून कान लावला आणि तोंड वाकडं केलं.

"वहिनी, हार्ड डिस्क जायला आलीय. आता बंद करा. उद्या सकाळी थंड असताना उठली तर उठली. उठली की हवं ते आधी फ्लॉपीवर काढून घ्या. मधे बंद करू नका, परत उठेलच असं नाही."

"आणि नाही उठली तर?"

"तर नवीन टाकू," तो म्हणाला. नीलाने जे विचारलं होतं, त्याचं ते उत्तर नव्हतं.

त्या वेळी तिच्याकडे एक मोठं काम होतं. कोलशेतच्या कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीची स्मरणिका. दामाजी नावाचा तिथला कार्यकर्ता घरोघर फिरून म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आणि जुने फोटो गोळा करून आणायचा. फोटो स्कॅन करून तिने पानं लावत आणली होती. दामाजीची आई दगडाबाई अंथरुणाला खिळली होती, आणि त्याचा जीव टांगणीला लागला होता.

"ताय, बुक लवकर हातान यायला पायजे," तो दर खेपेला म्हणे. "आयला वाचाया येत नाय, पन तिचा फोटू हाय त्यान. तेवरं तरी बघंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्क दोनदा घरघरून गप्प झाली आणि तिसऱ्यांदा उठली. भाऊ तेव्हा घरी नव्हते. खडवलीला बहिणीकडे, भागीरथीआत्यांकडे गेले होते. नीलाने फ्लॉप्यांचा ढीग शेजारी घेतला आणि स्मरणिका काढायला सुरुवात केली. फोटोंमुळे फाइल अवाढव्य. तिचे तुकडे करून एकेक फ्लॉपी भरायची, काढायची, दुसरी घालायची. एक फ्लॉपी खराब निघाली, तेवढा भाग पुन्हा करावा लागला. टक् टक् वाढत चाललं होतं. तिला उठून पाणी प्यायचंही सुचेना.

आनंद बूट घालता घालता म्हणाला, "भाऊंचं घेतलंस?"

"अरे, ते एवढंसं आहे. नुसता मजकूर. एका मिनिटात होईल. हे मोठं उरकू दे आधी."

एका कोऱ्या फ्लॉपीवर तिने 'भाऊ' लिहून ठेवलंही होतं.

आनंद गेला. दूधवाला आला, तिने दार उघडलं नाही. फोन वाजून वाजून थांबला. अखेर स्मरणिकेचा शेवटचा तुकडा फ्लॉपीवर उतरला. तिने ती बाहेर काढली, भाऊंची आत सरकवली. बाण भाऊंच्या फाइलवर नेला, आणि तो तिथेच अडकला. डिस्क दोन-तीनदा टकटकली. मग दगडावर विळा घासावा तसा आवाज झाला, आणि त्यानंतर काहीच नाही.

तिने पुन्हा चालू केलं. पुन्हा. बटण दाबून हात जोडले, स्वतःलाच शिव्या घातल्या. दुपारपर्यंत ती खोलीतल्या खोलीत येरझारा घालत राहिली. दर वेळी वाटायचं, आता होईल. पडदा काळाच.

संध्याकाळी महिपतने डिस्क काढून हातात तोलली. "एकाकडून ऐकलंय, फ्रीझरमध्ये ठेवली तर कधीकधी थोडा वेळ चालते. करून बघू." प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून त्याने ती बर्फाच्या ट्रेशेजारी ठेवली. "भाऊंना तू सांगतेस की मी सांगू?" आनंदने विचारलं. "डिस्क चालली तर सांगायलाच नको," ती म्हणाली.

पण भाऊ दुसऱ्याच दिवशी सकाळी परत आले. उन्हातून आलेले, सरबतासाठी बर्फ काढायला त्यांनीच फ्रीझर उघडला.

"नीला, हे काय गं?"

ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली. "हार्ड डिस्क. बिघडली, भाऊ."

"माझं?"

"नाही घेता आलं."

"काहीच नाही वाचलं?"

"कोलशेतची स्मरणिका तेवढी."

भाऊंनी फ्रीझरचं दार हळूच लावलं. "बरोबर आहे. गिऱ्हाईक आधी."

"तसं नाही, भाऊ! गिऱ्हाईक म्हणून नाही. तुमचं छोटं होतं, म्हणून शेवटी ठेवलं."

बोलून गेल्यावर तिला कळलं की हे त्याहून वाईट आहे.

"छोटं," भाऊ म्हणाले. "त्यात काय होतं, ते तरी माहीत आहे तुला?"

तिला माहीत नव्हतं. भाऊ चपला घालून बाहेर पडले.

फ्रीझरचा उपाय लागू पडला नाही. महिपतने नवी डिस्क बसवली, फ्लॉप्या एकामागून एक उतरवल्या. स्मरणिका छापखान्यात गेली. भाऊ सकाळी मशीनकडे फिरकेनात. गॅलरीत पेपर धरून बसत, पान उलटत नसत. नीलाचं कामात लक्ष लागेना. पत्रिकेत नवरीच्या वडिलांचं नाव चुकलं, भात करपला. एकदा तिने म्हटलं, "भाऊ, तुम्ही सांगा, मी टाइप करते." त्यांनी मान हलवली. "एकदा आलं ते आलं. आता शब्द येत नाहीत."

मग एका सकाळी दामाजी पेढे घेऊन आला. स्मरणिकेची एक प्रत तिच्यासमोर ठेवून म्हणाला, "ताय, तुमीच वाचवलाव बगा. मशीन मेला तरी आमचा बुक जित्ता!"

भाऊ समोरच बसले होते. नीलाला त्यांच्याकडे बघवेना. पेढा हातात धरून ती नुसती उभी राहिली.

"आईंनी पाहिलं?" भाऊंनीच विचारलं.

"पायलान. फोटूवरशी बोट फिरवत व्हती. बोलली, ही कोन गो पोर?" दामाजी हसला आणि त्याचे डोळे भरून आले. "सोताला वलखलान नाय. मंग वलखलान."

तो गेल्यावर भाऊंनी स्मरणिका उचलली आणि दुपारभर वाचली. दगडाबाईंची आठवण त्यांनी दोनदा वाचली; पान मागे उलटताना नीलाने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती कणीक मळत होती, तेव्हा बाहेर एकेक अक्षर दाबल्याचा आवाज आला. ती तशीच, पिठाच्या हातांनी, दारापर्यंत गेली आणि मागे फिरली. तासाभराने भाऊंनी हाक मारली.

"छापून दे एवढं. लगेच. मशीनवर माझा भरवसा नाही."

प्रिंटरमधून पान आलं. ते त्यांच्याकडे न्यायला ती वळली, तर ते म्हणाले, "मला कशाला? तू वाच."

खडवलीच्या नदीला पूर आला होता, त्या वर्षाची गोष्ट होती. लहान भागीरथीला पाठीवर घेऊन एक मुलगा चढ चढत होता. नीला उभ्या उभ्या वाचत राहिली. मधेच थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. छान आहे."

"खरं सांग."

ती घुटमळली. "इथे, भाऊ, 'पाणी' शब्द एका ओळीत तीनदा आलाय. आणि आत्या रडत होत्या की गप्प होत्या, ते कळत नाही."

भाऊंनी तिच्या हातातून पान ओढून घेतलं, चष्मा वर केला, पुटपुटले. "पहिल्या वेळी बरोबर लिहिलं होतं," ते तोडून म्हणाले.

"असेल."

"असेल नाही, होतं." त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि थरथरता हात मांडीवर दाबून धरला. "बस इथे. गप्प होती भागी. का गप्प होती, ते सांगतो."

कणीक परातीत तशीच होती. नीलाने स्टूल ओढलं.