पिशवीत राहिलेली स्पीडगन

मित्रांनो, माझ्या तोंडाचा उजवीकडे टवका उडालाय, त्याला हसू नका. तो कसा उडाला ते पुढे सांगणारच आहे. मी एक जुनी स्पीडगन, म्हणजे वेग मोजणारं यंत्र. नेब्रास्कातल्या होलुब नावाच्या गावात, मैदानामागच्या पत्र्याच्या खोलीत, फाटक्या हातमोज्यांच्या शेजारी पडून असते. आता मला कुणी हातात घेत नाही. पण एके काळी मी नुसतं तोंड वर केलं, की अठरा वर्षांची दांडगी पोरं एकदम ताठ व्हायची.

माझा जन्म कॅन्ससमधल्या एका कारखान्यात झाला. माझ्या सगळ्या बहिणी पोलिसांकडे गेल्या. भरधाव मोटारी पकडायच्या आणि लोकांच्या शिव्या खायच्या, हे त्यांच्या नशिबी आलं. मी मात्र वेंडल हॅकेटच्या हाती पडले. वेंडल हा बेसबॉलच्या एका व्यावसायिक संघाचा स्काउट, म्हणजे होतकरू खेळाडू हेरणारा माणूस. दर जूनमध्ये सगळे संघ पाळीपाळीने नव्या पोरांची नावं पुकारतात. ज्याचं नाव पुकारलं त्याच्या घरी फोन वाजतो आणि त्याचं आयुष्य बदलून जातं. त्याआधीचे तीन महिने वेंडल गावोगाव हिंडायचा, आणि त्याच्या शेजारच्या सीटवर मी.

काय माणूस होता! सूर्यफुलाच्या बिया चघळायचा, टरफलं कागदी कपात थुंकायचा आणि पंचावर दिवसभर करवादायचा. मी नीट मोजते का ते तपासायला सामन्याआधी तो खुर्चीच्या दांडीवर ठरावीक वेगाने थरथरणारा नादकाटा आपटून माझ्यासमोर धरायचा. मी बरोबर आकडा दाखवला की म्हणायचा, "शहाणी गं बाई माझी! या मैदानात खरं बोलणारी तू एकटीच." मला किती अभिमान वाटायचा म्हणून सांगू! गारठा पडला की मला स्वतःच्या कोटात गुंडाळायचा आणि आपण कुडकुडत बसायचा.

पण त्याला एक खोड होती. ती त्या धंद्यातल्या सगळ्यांनाच होती म्हणा. जो खेळाडू मनात भरला, त्याच्याकडे बघायचंच नाही. बघितलं तर शेजारच्या स्काउटला वास लागणार, आणि जूनमध्ये त्याचाच संघ आधी नाव पुकारणार. म्हणून नावडत्या पोरावर मला तासभर रोखून बसायचं, आणि आवडत्याची पाळी आली की जांभई द्यायची. मलाही तेव्हा त्याची गंमत वाटायची.

एका एप्रिलमध्ये आम्ही या होलुबला आलो. डेल कुचेरा हा लांब हातांचा पोरगा सामन्याआधी चेंडू फेकून हात मोकळा करत होता. धान्याच्या कोठारावर बापाबरोबर पोती उचलून त्याचे खांदे रुंद झाले होते. दुसरा कुणी स्काउट अजून आला नव्हता. वेंडलने मला उचललं. चेंडू सुटला आणि मी आकडा दाखवला, त्र्याण्णव. ताशी त्र्याण्णव मैल, म्हणजे जवळजवळ दीडशे किलोमीटर! वेंडलने झटक्यात मला पिशवीत कोंबलं आणि आभाळाकडे बघत बसला. डेलला मात्र एवढंच दिसलं, की एकदा रोखली आणि लगेच ठेवून दिली.

त्यानंतर आम्ही त्याचे पाच सामने पाहिले. म्हणजे वेंडलने पाहिले. मी पिशवीतच होते. एकदा लू बेनेडेटो नावाचा दुसऱ्या संघाचा स्काउट शेजारी येऊन बसला.

"काय रे म्हाताऱ्या, सारखा इकडेच दिसतोस? या कुचेरात आहे काय एवढं?"

"कप्पाळ! मी इथे येतो ते कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या जर्दाळू भरलेल्या गोड कोलाचीसाठी."

"आणि त्याचा वेग?"

"वेग? आमची आजी भांडणात याहून जोरात ताटल्या फेकायची."

बेनेडेटो खो खो हसला. डेल तेव्हा चेंडूंची बादली घेऊन मागूनच चालला होता. पिशवीची चेन अर्धी उघडी होती, मला त्याचे बूट दिसले. ते क्षणभर थांबले आणि मग गेले. वेंडलने मान वळवली नाही. गाडीत बसल्यावर त्याने वहीत यादीच्या सगळ्यात वर डेलचं नाव लिहिलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि मला थोपटून म्हणाला, "जूनपर्यंत तोंड मिटून बस हं." मी बसले.

मेच्या अखेरीस शाळेचा शेवटचा सामना होता. बोचरा वारा सुटला होता. त्या दिवशी आमच्याशिवाय एकही स्काउट नव्हता. बेनेडेटोने तर या गावाकडे फिरकणंच सोडून दिलं होतं. तिसरा डाव संपल्यावर डेल कुंपणापाशी आला.

"हॅकेटसाहेब, एक विचारू? आज तरी ती पिशवीतून काढा ना."

वेंडलने पिशवीची चेन ओढून घेतली. डेल खालच्या आवाजात म्हणाला, "माझ्या हातात अजून जोर बाकी आहे, साहेब. तुम्ही नीट बघितलंच नाहीत. दोनच चेंडू मोजा."

मित्रांनो, तेव्हा वेंडलने खरं सांगायला हवं होतं. पण त्याला भीती वाटली. पोरगा घरी सांगेल, घरचे गावाला सांगतील, आणि गाव सगळ्या जगाला. नावं पुकारायला बारा दिवस तर उरले होते.

"बॅटरी संपलीय रे," वेंडल म्हणाला.

डेल परत गेला. मग मी पिशवीच्या अंधारात त्याचे चेंडू ऐकले. कॅचरच्या हातमोज्यात चेंडू बसला की धप्प होतं. प्रत्येक धप्प आधीच्याहून मोठं होत होतं. वेंडल पुटपुटला, "हळू, पोरा. हळू." पण ते फक्त मला ऐकू आलं. पुढच्या चेंडूला धप्प झालंच नाही. डेल कळवळून ओरडला.

कोपराच्या आतला अस्थिबंध तुटला होता. वेंडलने गाडीत शिरून मला खाली आपटलं. माझा टवका उडाला तो तेव्हा. मला राग नाही आला. कुणावर तरी राग काढायला हवाच होता त्याला.

तो पेट्रोल पंपावरच्या फोनवरून संघाच्या मोठ्या साहेबांना विनवत राहिला, "शेवटच्या फेरीत तरी घ्या हो. माझ्या शब्दावर घ्या." फोन ठेवून आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. नाव पुकारायच्या दिवशी आम्ही कुचेरांच्या घरासमोर गाडी लावून बसलो. ओट्यावर आईने परातभर कोलाची मांडून ठेवल्या होत्या. शेजारीपाजारी जमले होते. डेल गळ्यात हात बांधून पायरीवर बसला होता, आणि घरातला फोन वाजला नाही. एकेक जण डेलची पाठ थोपटून घरी गेला. दार ठोठावायचं धाडस वेंडलला झालं नाही.

त्याने ते काम सोडलं. मी सोळा वर्षं त्याच्या तळघरात धूळ खात पडून होते. मग एका शनिवारी त्याने मला पुसलं आणि काठी टेकत होलुबला घेऊन आला. डेल आता मोठा बाप्या झाला होता. कोठारावर काम करून संध्याकाळी लहान मुलांना खेळ शिकवायचा. शस्त्रक्रिया होऊनही त्याचा वेग परत आला नव्हता.

वेंडलने मला त्याच्यासमोर बाकावर ठेवलं. "त्या दिवशी बॅटरी भरलेली होती, डेल. तू माझ्या यादीत पहिला होतास."

डेलने माझ्या टवक्यावरून बोट फिरवलं.

"एप्रिलमध्ये एकदा उचलली होती तुम्ही. किती होता?"

"त्र्याण्णव."

"त्र्याण्णव," डेल म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "इतकी वर्षं मला वाटत होतं, मी तेवढा नव्हतोच. हे एवढं सांगायचं होतंत, साहेब. मग मी चेंडू हळू फेकला असता."

वेंडल मला बाकावरच ठेवून गेला. परत कधी आला नाही. डेलने मला फेकून दिलं नाही आणि वापरलंही नाही. पत्र्याच्या भिंतीतून मला रोज त्याचा आवाज येतो. चेंडू कसाही पडो, तो मोठ्याने ओरडतो, "बघितला रे, बघितला! छान टाकलास!"

मित्रांनो, वस्तूंना जपा असं आम्ही वस्तू नेहमी सांगतो. मला नाही जपलंत तरी चालेल. पण कुणाचं कौतुक वाटलं तर ते पोटात दडवून ठेवू नका. त्याच्या तोंडावर सांगा, आणि वेळेवर सांगा. मला आकडा दाखवता येतो, शाबास म्हणता येत नाही. ते माणसालाच म्हणावं लागतं. आणि माझ्यावर विश्वास ठेवा, त्या दिवशी माझी बॅटरी अगदी काठोकाठ भरलेली होती.